झेब्र्याने दर्शन द्यायचं नसतं

"हे सगळे माझ्याकडे का बघतायत?"

मॅडम आमच्या शेडच्या मधोमध उभ्या होत्या. हातातला चहा तसाच राहिला होता. चारी बाजूंनी प्राणी. झेब्रा, उंट, रेनडिअर, सिंह, लांडगा, घुबड, जग्वार. सगळे रंगवून तयार, तुकतुकीत.

मी म्हटलं, "बघतायत ते बरंच की. पाठ करून उभे केले असते तर तुम्हीच बोलला असता."

मॅडम हसल्या नाहीत. एरवी हसणारी बाई.

आम्ही कोण ते आधी सांगते. मी वंदना. पेणजवळ जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे भोंगा आणि चिमणी नव्हे हो. पत्र्याची लांब शेड, फळ्यांच्या मांडण्या, साचे आणि मातीचा चिखल. साच्यातून मूर्ती काढणं, तिचं फिनिशिंग, अंगाचा रंग हे सगळं माझ्याकडे. डोळे मात्र माझ्या थोरल्या नणंदेकडे, सुमनताईंकडे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. ती सगळ्यात शेवटी. तोवर ती रंगवलेली माती. आखणी झाली की आम्ही चपला बाहेर काढून त्या फळीपाशी जातो.

गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते ताईंच्या डोळ्यांसाठी. उगाच कौतुक म्हणून सांगत नाही. मुकुट काय, पितांबर काय, ते शेजारच्या दहा शेडमध्ये आमच्यापेक्षा चांगलं मिळेल. पण ताईंनी आखलेला गणपती तुम्ही घरात कुठेही बसा, तुमच्याकडेच बघतो. बुबुळ केसभर खाली, वरची पापणी त्याच्यावर जराशी आलेली, आणि एक पांढरा ठिपका. हे मी तुम्हाला सांगून टाकलं तरी काही बिघडत नाही. तुम्हाला जमणार नाही. मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

आता मॅडम. त्या रोह्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवतात. शाळेने एक हॉल रिकामा करून घेतला होता. त्यात जगातले बायोम दाखवायचे होते. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, फ्लेक्स छापून लावू, एका दिवसात काम होईल. मॅडम म्हणाल्या, आपल्या जिल्ह्यात एवढे मूर्तिकार असताना फ्लेक्स कसला? त्यांनी शब्द टाकला आणि काम आमच्याकडे आलं. फायबरचे प्राणी, मागे रंगवलेले पडदे, पाच भाग.

बायोम म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मॅडमनी आमच्या शेडमध्येच समजावलं.

"वंदनाताई, साचा एक असला की मूर्ती सारखी निघते ना? तसं ऊन आणि पाऊस हा साचा. पृथ्वीवर जिथे जिथे ऊन-पाऊस सारखा, तिथे झाडं आणि प्राणी पण साधारण एकाच धाटणीचे निघतात. मग तो देश कुठला का असेना. त्या एका धाटणीच्या मुलखाला बायोम म्हणायचं."

ताई पलीकडे गौरीच्या मुखवट्याला पापण्या काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आपण कुठल्या साच्यातले?"

"मोसमी पानझडीचं रान. चार महिने पाणीच पाणी, आठ महिने कोरडं. म्हणून आपला साग पानं टाकून देतो. पाणी वाचवायला."

"अगो बाय! मी समजत होते, दमतो म्हणून टाकतो."

"दमतोच म्हणा," मॅडम म्हणाल्या. "आणि जिथे बारा महिने पाऊस, तिथलं रान एकदम कधी उघडं होत नाही. पान पडतं, पण एकेक."

त्या दिवसापासून ताईंना नादच लागला. जेवताना विचारायच्या, टुंड्रात झाड का नाही? मी मॅडमना फोन लावायचा. मॅडम सांगायच्या, तिथली जमीन आत कायमची गोठलेली, मुळं खाली जाणार कुठे? उन्हाळ्यात वरचा वीतभर थर सुटतो, त्यात शेवाळं आणि बोटभर फुलं. ताई भाताचा घास हातात धरून ऐकायच्या. मी म्हणायची, "ताई, गिळा आधी."

चुका आमच्याकडून झाल्याच. पहिल्यांदा पडदे चुकले. टुंड्रा रंगवायला सांगितला तर आमच्या पेंटरने हुबेहूब कैलास काढला. निळा डोंगर, मागे प्रभावळ. फक्त शंकर बसवायचे बाकी. मॅडम म्हणाल्या, टुंड्रा असा नसतो, नजर जाईल तिथवर सपाट असतो. सहाराच्या वाळूत आम्ही निवडुंग लावला होता. तो म्हणे तिकडचा नव्हेच, अमेरिकेतल्या वाळवंटातला. अ‍ॅमेझॉनच्या पावसाळी रानात नारळ आणि केळ. त्यावर तर मॅडमनी कपाळावर हातच मारला. "हे तुमच्या घरामागचं परसू आहे!" पडद्यांचं काय, पांढरा मारला की झालं. आम्ही हसत हसत परत रंगवले.

प्राण्यांना मात्र आम्ही जीव लावला होता. फोटो बघून मी अंगं घडवली. एकेका प्राण्याची पोटरी, खूर, मानेवरचे केस. आणि ताईंनी आखणी केली. झाली तेव्हा मला वाटलं, आता मॅडमची बोलती बंद होणार.

झाली. पण अशी.

"बघा ना," मॅडम सावकाश म्हणाल्या. "झेब्र्याच्या शेजारी सिंह आहे. झेब्रा त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघून प्रसन्न हसतोय. सिंह पण माझ्याकडे बघतोय. हे मस्क ऑक्स, केसाळ बैल, आरतीला उभे राहावेत तसे ओळीत. यातला कोणी जगत नाहीय, वंदनाताई. सगळे दर्शन देतायत."

मी वळून पाहिलं. काय सांगू? खरं होतं. आम्ही सगळ्यांची तोंडं दाराकडे केली होती. ठरवून नाही हो. आमचा हातच तसा. मूर्ती फळीवर ठेवली की तिचं तोंड येणाऱ्याकडे. देवाकडे माणूस बघायला येतो तसा देवाने माणसाकडे बघायला हवं, नाही तर घरी नेणार कोण?

मॅडम पुढे समजावत राहिल्या. झेब्र्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उघड्या गवतात संकट कुठूनही येतं, म्हणून त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. सिंहाचे डोळे पुढे असतात, कारण त्याला झेप किती लांब टाकायची ते मोजायचं असतं. आमच्या झेब्र्याच्या खोबणी होत्या बाजूलाच, मी फोटो बघूनच केल्या होत्या. पण ताईंनी बुबुळं ओढूनताणून पुढच्या कोपऱ्यात आणली होती, बघणाऱ्याच्या नजरेला नजर मिळावी म्हणून. रेनडिअरला तर काजळाची रेघ होती.

"डोळे सुंदर आहेत, सुमनताई," मॅडम म्हणाल्या. "पण ते गणपतीचे आहेत. पुसून परत काढता येतील का?"

बाहेरच्या माणसाला कळणार नाही त्या काय बोलून बसल्या ते.

"आखलेला डोळा पुसायचा नाय," ताई म्हणाल्या.

"पण रंगच आहे ना तो—"

"रंग तुम्हाला. उघडलेला डोळा आपल्या हातानं फोडायचा? आमच्यात नाय करत."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मॅडम गेल्यावर त्यांनी आपला बारीक ब्रश धुतला, नीट पुसला, डब्यात उभा करून ठेवला. मग मला म्हणाल्या, "वंदना, यंदा गणपतीची आखणी दुसऱ्या कोणाकडनं करून घे. माझा डोळा आजवर कोणी परत केला नव्हता. आता हात उतरला असं समज."

मांडणीवर अर्धे गणपती रंगून बसले होते, डोळ्यांची वाट बघत. ताई नाहीत तर कारखाना कशाचा? आणि कारखाना जाऊ द्या. या बाईने आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. ना संसार, ना दागिना. एक ब्रश. तो डब्यात उभा बघून मला रडूच आलं. मॅडमचा राग आला. स्वतःचाही आला. ओळीने तोंडं दाराकडे मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब येऊन थडकले. पांढरी गाडी, पांढरे कपडे. सिंहासमोर आले आणि पटकन हात जोडले. अगदी चपला काढून.

"झकास! देवीचं वाहनच जणू. मॅडम म्हणत होत्या काही दुरुस्ती आहे. काय दुरुस्ती? मुलांना आवडणार. असेच द्या पाठवून."

सुंठीवाचून खोकला गेला, मी मनात म्हटलं. गिऱ्हाइकाच्या मालकाने पास केलं, आता कोण विचारतो? मी उड्या मारत ताईंना सांगायला घरात गेले.

ताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हात कोणाला जोडले त्यांनी?"

"सिंहाला."

"सिंहाला नाय गो. सिंहाला बघून कोणी हात जोडतो काय? पळतो." त्या पुन्हा तांदळात बोटं घालायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या झेब्र्याला पाठचं दिसतं म्हणाली ना ती?"

मी नुसतं हो म्हटलं. या बाईला टोकलं की मिटते, हे मला माहीत आहे.

दुपारी मला म्हणाल्या, चल. शेताच्या बांधावर शेजाऱ्यांच्या बकऱ्या चरत होत्या. ताई एका बकरीच्या समोर जाऊन बसल्या. मग बाजूला. मग पाठीमागे. बकरी चरतच होती. ताईंनी पाठीमागून हळूच हात वर केला. बकरीने मान न वळवता पुढे उडी मारली.

"दिसलं तिला!" ताई पोरीसारख्या ओरडल्या. "पाठी न बघता दिसलं!"

मग त्यांनी बकरीला धरून डोळ्यात डोळे घातले. बुबुळाच्या आतलं काळं आडवं होतं. पत्रपेटीच्या फटीसारखं. इतकी वर्षं बकऱ्या बघतोय, पण आमच्यातल्या कोणी हे पाहिलं नव्हतं. पुढे मॅडमकडून कळलं की ती आडवी फट जमिनीच्या रेषेत असते. बकरी चरायला मान खाली घालते तरी डोळा आत फिरतो आणि फट आडवीच राहते. म्हणजे खाताना पण चारी बाजूंवर लक्ष.

ताई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसल्या. "वंदना, ही माझ्याकडे बघते का नाय तेच कळत नाय गो. हिला सगळंच दिसतंय. मी पण त्यातलीच एक."

घरी येताना त्यांनी माझा फोन मागितला आणि स्वतः मॅडमना लावला. मॅडम बिचाऱ्या माफी मागायला लागल्या. ताई म्हणाल्या, "ते र्‍हाऊ दे. उंटाचं सांग."

उंटाचं निघालं ते वेगळंच. पापण्यांच्या केसांच्या दोन ओळी, वाळू अडवायला. आणि आतून एक तिसरी पातळ पापणी, बाजूने सरकणारी. रेनडिअरच्या डोळ्याच्या आतली चकाकी उन्हाळ्यात सोनेरी असते आणि हिवाळ्यात निळी होते, कारण तिकडे हिवाळाभर सूर्य जवळजवळ उगवत नाही, मिळेल तेवढा उजेड गोळा करायचा. उत्तरेकडच्या सुईच्या पानांच्या रानात, ज्याला तैगा म्हणतात, तिथल्या घुबडाचं बुबुळ खोबणीत हलतच नाही. मानच वळवायची.

"म्हणजे आपल्या मूर्तीवानी," ताई म्हणाल्या. त्यांना घुबड फार आवडलं.

मला मात्र एक गोष्ट अशी कळली की मी हातातलं काम सोडून खाली बसले. ऊन-पाऊस नुसती झाडं घडवत नाही. तो डोळ्याच्या बुबुळापर्यंत जातो. आम्ही मात्र साऱ्या पृथ्वीला एकच डोळा लावून मोकळे झालो होतो.

एवढं झालं तरी मूळ अडचण होतीच. नवे डोळे काढायचे तर जुने पुसायला हवेत, आणि ते ताई पुसणार नाहीत. मी एकदा चाचरत म्हटलं, मी पुसते, तुम्ही बघू नका. ताईंनी अशी नजर टाकली की मी विषयच सोडला. मॅडमनाही सुचेना. त्या म्हणाल्या, राहू द्या, अध्यक्षांनी पास केलंय, मी मुलांना तोंडी सांगेन. तोंडाने म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

मार्ग ताईंनीच काढला. सकाळी शेडमध्ये आल्या, डब्यातला ब्रश उचलला आणि झेब्र्यापुढे बसल्या. त्याच्या अंगाचा रंग घेतला. वरच्या पापणीची कड धरून हळूहळू खाली आणत गेल्या. रेघेवर रेघ. शेवटी खाली एक बारीक दुमड काढली.

झेब्रा झोपला होता.

"पुसायचे नाय," ताई म्हणाल्या. "मिटवायचे. माणूस झोपतो म्हणून काय त्याचे डोळे फुटतात? झोपेल इथे शेडमध्ये, आणि उठेल तो त्याच्या मुलखात."

मी हात टेकले. तुम्ही म्हणाल, रंगावर रंगच की. असेल. पण आमच्या हाताला तो फरक कळतो.

एकेक करून सगळे झोपले. सिंह, उंट, लांडगा, सगळे बैल. शेडभर मिटलेले डोळे. आवाज होईल म्हणून मला रंग फवारायचा कंप्रेसर सुरू करायचा धीर होईना.

झोपले तसं माझं काम सुरू झालं. ग्राइंडर घेऊन माना कापल्या, वळवल्या आणि फायबरने परत जोडल्या. झेब्र्याची मान गवतात. सिंहाचं डोकं खाली, खांद्याच्या पातळीला. मस्क ऑक्सची ओळ मोडली आणि गोल केला. लांडगे आले की ते तसेच उभे राहतात म्हणे, शिंगं बाहेर, वासरं आत. सपाट मुलूख, आडोशाला एक झाड नाही, मग आपणच भिंत व्हायचं. घुबडाची मान बर्फाकडे तिरकी, कारण बर्फाखाली उंदीर चालतो तो त्याला ऐकू येतो.

मग ताईंनी एकेकाला उठवलं. बकरीवरून शिकलेली आडवी फट. दोन ओळींच्या पापण्या. रेनडिअरच्या काळ्या बुबुळात आत खोल, दिसेल न दिसेल असा निळा. मॅडम शाळा सुटली की यायच्या आणि जमिनीवर फतकल मारून बसायच्या. दोघी भांडायच्या पण खूप. "ठिपका देऊ नका, सुमनताई." "ठिपक्याबिगर मेलेला दिसतो." "बरं, द्या, पण वर नको." हे रोजचं.

शेवटी जग्वार उरला, आपल्या बिबट्यासारखा. अ‍ॅमेझॉनच्या रानातला. ताईंनी ब्रश खाली ठेवला.

"मॅडम, एक मागू? सगळी आपापल्या नादात. एकानं तरी माणसाकडे बघायला पायजे. त्याबिगर माझं काम माझं वाटत नाय."

मला वाटलं मॅडम नाही म्हणणार. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "मग हाच. त्या रानात दाटी इतकी की उजेड जमिनीवर पोचत नाही. तिथे जग्वार तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही त्याला दिसता. याने बघितलंच पाहिजे."

ताईंनी त्याला आपला डोळा दिला. जसा गणपतीला देतात तसाच. बुबुळ केसभर खाली, वरची पापणी जराशी आलेली. आम्ही त्याला पानांच्या मागे ठेवला, तोंडाएवढी फट सोडून.

उद्घाटनाला आम्ही दोघी रोह्याला गेलो. ताई नवी साडी नेसून दाराशी उभ्या राहिल्या, आत येईनात. पुटपुटत होत्या, "परत केले तर बघ हां. मग मी खरंच नाय बसायची."

फीत कापली आणि मुलं आत घुसली. आधी गलका. मग काय झालं, पहिल्या भागापाशी आवाज कमी झाला. दुसऱ्यापाशी आणखी कमी. मुलं चवड्यांवर चालायला लागली. एक मुलगी दुसरीला म्हणाली, "हळू, त्याला कळलं नाहीय आपण आलोय ते." ती झेब्र्याबद्दल बोलत होती. ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

अध्यक्षसाहेब मागून चालत होते. सिंहापाशी थांबले. थोडे नाराज दिसले. "मॅडम, हा आपल्याकडे बघत नाही."

"नाही सर."

मग ते सिंह कुठे बघतोय ते बघायला वळले, तिकडून झेब्र्याकडे, तिकडून गवताकडे, आणि असे बघत बघत पार शेवटच्या भागात पोचले. पानांसमोर उभे राहिले. इथे काही दिसेना म्हणून जरा पुढे वाकले.

"आई गं!"

दोन पावलं मागे. पांढरी टोपी खाली. सगळी मुलं खिदळली आणि लगेच पानांपुढे येऊन एकेकाने दचकून घेतलं. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा डोळा कोणी काढला?"

मॅडमनी दाराकडे बोट केलं.

ताई लाजल्या नाहीत, पुढे आल्या नाहीत. पदर तोंडाला लावून खूप हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग माझी पिशवी ओढत म्हणाल्या, "चल गो, गाडी पकडूया. गणपती खोळंबलेत."

संध्याकाळी त्या मांडणीपुढे बसल्या आणि आखणी सुरू झाली.

आता प्राण्यांची कामं अधूनमधून येतात. गिऱ्हाईक म्हणतं, नजर अशी हवी, तशी हवी, प्रसन्न हवी. मी ऐकून घेते आणि एकच विचारते: नजर कोणावर हवी? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. त्यांना मी सांगते, ठरवा आणि मग या, मान कापायला फार वेळ लागतो.